तार टेकते कुठे

माघातली रात्र होती. वह्या तपासून झाल्या होत्या, मी दिवा मालवायच्या बेतात होते आणि आतल्या खोलीत लेक गिटार वाजवता वाजवता थांबली. तीच तार पुन्हा छेडली. पुन्हा थांबली. मग हाक आली, "आई, ऐक ना. ही बझ मारतेय."

मी तिच्याजवळ जाऊन बसले. तिने जाड तारेवर पहिल्या घरात बोट दाबलं आणि तार छेडली. सूर निघाला, पण त्याच्या पोटात एक झर्र होतं. पतंगाची फाटलेली कड वाऱ्यावर फडफडते ना, तसं. दुसऱ्या घरात तेच, तिसऱ्यात तेच. सहाव्या-सातव्या घराच्या वर गेलं की सूर पुन्हा निवळशंख. मला आधी मांडणीवरच्या डब्यांचा संशय आला. उठून एकेका झाकणावर हात ठेवत गेले, आणि खरोखरच एका सुराला डाळीच्या डब्याचं झाकण थरथरत होतं. ते दाबून धरलं. झाकण गप्प झालं, पण गिटारीतली झर्र गेली नाही.

ही गिटार पुण्याहून आणली तेव्हा माझी शाळा आंबेगाव तालुक्यात, डिंभे धरणाच्या पलीकडे, तळेघरच्या बाजूला होती. तिथले चार पावसाळे तिने काढले. भीमाशंकरच्या डोंगराला अडलेला पाऊस तिथे नुसता पडत नाही, राहायला येतो. मिठाला पाणी सुटतं, काडेपेटी पेटत नाही, कपाटाची दारं फुगून बसतात. मग जूनमध्ये बदली झाली आणि आम्ही जुन्नर तालुक्याच्या पूर्वेला, आळ्याच्या बाजूला राहायला आलो. रस्त्याने अंतर ७०-८० किलोमीटरचं, पण हवा पार दुसरी. इथे माघ लागला की ओठ फुटतात, बराखीतल्या कांद्याची टरफलं खुळखुळतात, दाराच्या फळ्यांमधून उजेड दिसायला लागतो. दारातून उजेड आला तो मला दिसला. गिटारसुद्धा लाकडाचीच आहे, हे मात्र मनात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तिला घेऊन नारायणगावला गेले. तिथे एक काका वाद्यं दुरुस्त करतात. बँजो पार्ट्यांचे बँजो, भजनी मंडळांच्या पेट्या, तमाशाच्या फडांच्या ढोलक्या, असं सगळं त्यांच्याकडे येतं. नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. विठाबाईंचं गाव. पाडव्याच्या आधी इथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच जत्रेच्या सुपाऱ्या द्यायला येतात. राहुट्या लागायला अजून अवकाश होता, पण काकांच्या फळीवर दुरुस्तीला आलेल्या वाद्यांची दाटी झाली होती. त्यांत एक तुणतुणं होतं. लाकडी नळकांडं, त्याचा तळ चामड्याने मढवलेला, त्या चामड्याच्या मधून निघालेली एकच तार वर काठीच्या खुंटीला बांधलेली. ना घोडी, ना पडदे. तिला टेकायला वाटेत काही नाहीच, म्हणून तुणतुण्याला हा आजार नाही.

काकांनी गिटार घेतली, पण वाजवली नाही. मानेच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि मला म्हणाले, "बाई, हात लावून बघा." लावला. प्रत्येक फ्रेटचं टोक बोटाला टोचलं. धातू काही वाढला नव्हता. लाकूड आटून आत गेलं होतं आणि धातूची टोकं बाहेर उघडी पडली होती.

मग त्यांनी जाड तार दोन ठिकाणी दाबून धरली, एका हाताने पहिल्या फ्रेटवर आणि दुसऱ्या हाताने मान धडाला मिळते तिथे, चौदाव्या फ्रेटवर. ताणलेल्या तारेइतकी सरळ वस्तू दुसरी नाही; ती तारच आता पट्टी झाली होती. सातव्या फ्रेटपाशी वाकून त्यांनी तारेखाली दाढीचं ब्लेड सरकवून पाहिलं. गेलं नाही. ब्लेडची जाडी मिलिमीटरचा दहावा हिस्सा. तिथे दोन ब्लेडं जातील एवढी फट असायला हवी, म्हणाले. मान किंचित पुढे झुकलेली असावी लागते, कारण छेडलेली तार जागच्या जागी थरथरत नाही. मधोमध तिचं पोट सुटतं, तिला हलायला जागा लागते. इथे मान वाळून मागे गेली होती, आणि तारेला ती जागाच उरली नव्हती.

"झर्र ऐकू येते कुठे, ते सोडा. तार टेकते कुठे, ते शोधायचं."

हे सांगताना त्यांनी लेकीच्या हातात गिटार दिली आणि तिच्याकडूनच एकेक घर वाजवून घेतलं. मोकळी तार कुरकुरत असेल तर वरच्या मेरूची खाच झिजून खोल गेली असं समजायचं. (नटाला ते मेरूच म्हणतात, सतारीसारखं.) फक्त एकाच घरात कुरकुरली तर पुढची फ्रेट उचलली गेली आहे. खालच्या चार-पाच घरांत सगळीकडे झर्र असेल तर मान मागे गेली. वरच्या घरांत असेल तर घोडी खाली बसली. आणि कुठेही बोट ठेवा, कोणतीही तार छेडा, झर्र तीच, असं झालं तर तारा सोडून द्यायच्या आणि खुंट्यांचे नट बघायचे, आत हात घालून एखादी पट्टी सुटली आहे का ते चाचपायचं. लेक ऐकत होती तशी वर्गात मुलं ऐकत असती तर किती बरं, असं मला वाटून गेलं. एक गोष्ट मला फार लागली. बोट असतं त्या घरात दोष नसतोच. तिसऱ्या घरात बोट ठेवल्यावर झर्र आली तर तार चौथ्या फ्रेटवर टेकत असते. आपण बोट बदलून बघतो, जोर वाढवून बघतो, मूल मुळूमुळू रडायच्या बेताला येतं, आणि दोष मात्र हातापासून एक घर पुढे बसलेला असतो.

मला वाटलं, आता पाना काढतील. मानेच्या आत एक पोलादी सळई असते, ती पिळली की मान सरळ होते, ढिली केली की तारांच्या ओढीने पुढे झुकते. सहा पोलादी तारांची मिळून ओढ ७० किलोच्या आसपास असते; सळई नसेल तर त्या ओढीखाली बारीक मान टिकणं कठीण. अमेरिकेत गिब्सनच्या कारखान्यात काम करणाऱ्या थॅडियस मॅकह्यू या माणसाने या सळईच्या पेटंटसाठी १९२१ साली अर्ज केला आणि १९२३ साली त्याला ते मिळालं. काकांना हे नाव ठाऊक नव्हतं, सळई मात्र पुरती ठाऊक होती. पण त्या दिवशी त्यांनी पान्याला हात लावला नाही. "लाकडाला तहान लागलीय. आधी पाणी पाजा, पाना मागाहून." साबणाच्या डबीला भोकं पाडायची, आत ओला करून पिळलेला स्पंज ठेवायचा, ती डबी गिटारीच्या पेटीत ठेवून पेटी बंद करायची. स्पंज लाकडाला लागू द्यायचा नाही. आठ दिवस.

त्या आठ दिवसांत २८ फेब्रुवारी आली. विज्ञान दिन. दरवर्षी या दिवशी खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवर मोठं प्रदर्शन भरतं आणि आमच्या भागातल्या शाळा मुलांना घेऊन जातात. मीही नेते. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या इथल्या शेतांमध्ये पसरल्या आहेत. जवळ जाऊन पाहिलं तर तबकडी पत्र्याची नाही. पोलादी दोरखंड ताणून त्यांवर बारीक तारेची जाळी बसवली आहे. गोविंद स्वरूप यांची ती कल्पना. ताणलेल्या तारांनीच अवकाशातल्या रेडिओ लहरी झेलायच्या. आकाशातून येणारी ती कुजबुज इतकी क्षीण असते की विजेच्या तारेवर कुठे ठिणगी उडाली तरी तिच्यात खरखर मिसळते, आणि मग ती कुठून येते याचा माग काढावा लागतो. मुलांना तिथे मोबाइल बंद करायला सांगतात तेही त्यासाठीच. मुलं तबकड्यांकडे बघत होती. मी मात्र सारखी त्या ब्लेडचा विचार करत होते.

परतीच्या वाटेवर गाडीत मुलांना सी. व्ही. रामन यांच्याबद्दल सांगितलं. २८ फेब्रुवारी ही त्यांच्या १९२८ मधल्या शोधाची तारीख. पण त्याच्या किती तरी आधी, १९२१ च्या सुमारास, कोलकात्यात बसून रामन यांनी आपल्या तंतुवाद्यांवर लिहिलं होतं. एरवी तार एखाद्या बिंदूवर छेडली तर त्या बिंदूवर जे उपस्वर स्थिर असतात ते सुरातून गळतात, असा नियम आहे. तंबोऱ्यात आणि वीणेत ते गळत नाहीत, असं रामन यांना आढळलं. कारण तिथे तार घोडीच्या धारेवरून एकदम सुटत नाही. घोडी रुंद असते, तिला अगदी थोडा उतार असतो, आणि थरथरणारी तार त्या उतारावर क्षणात टेकते, क्षणात सुटते. या टेकण्या-सुटण्यातून गळलेले उपस्वर पुन्हा उगवतात आणि एका तारेतून सुरांचा अख्खा मोहोर बाहेर पडतो. हीच जवारी. एकीकडे अमेरिकेत मान वाकून तार घासू नये म्हणून सळई निघत होती, आणि त्याच सुमाराला कोलकात्यात एक शास्त्रज्ञ मुद्दाम घासू दिलेल्या तारेसमोर थक्क होऊन बसला होता. मुलांना कितपत कळलं, सांगता येत नाही. मला मात्र घरी येईपर्यंत दुसरं काही सुचलं नाही.

आठ दिवसांनी काकांनी पुन्हा ब्लेड सरकवलं. एक गेलं. नुसत्या पाण्याने निम्मं काम केलं होतं. मग त्यांनी पाना लावून सळई पाव फेऱ्याहूनही कमी ढिली केली, गिटार सुरात लावली आणि बाजूला ठेवून एका पेटीचा भाता चिकटवायला घेतला. लाकडाला वळायला वेळ द्यावा लागतो. अर्ध्या तासाने दोन ब्लेडं गेली. तरी पाचव्या तारेवर, चौथ्या घरात, किंचित कुरकुर उरलीच. पोलादी पट्टीचा एक कापलेला तुकडा त्यांनी शेजारशेजारच्या तीन फ्रेटांवर आडवा ठेवला आणि बोटाने दाबला. डुगडुगला. मधली, पाचवी फ्रेट लाकडातून केसभर वर आली होती. लहान हातोडीने दोन ठोके. तुकडा पुन्हा ठेवला. डुगडुग थांबली. लेकीने तार छेडली आणि सूर असा निघाला, जसा तांब्यातून पाण्याची धार पडावी.

त्या आठ-दहा दिवसांत माझ्या कानाला एक नाद लागला. कुठलीही तार वाजली की ती टेकते कुठे ते मी शोधायला लागले. तेच कान घेऊन तुकाराम बीजेला माहेरी गेले.

माहेर ओतूरजवळ. तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी ओतूरला आहे असं वारकरी मानतात, आणि ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले त्या रेड्याची समाधी आता मी राहते त्या आळ्यात. मधल्या सगळ्या पट्ट्यात असं गाव नाही, जिथे देवळात वीणा नाही. माझे वडील, आम्ही अण्णा म्हणायचो, गावच्या सप्ताहात वीणेचा पहारा करायचे. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात, रात्रंदिवस. अण्णांचा पहारा पहाटे दोन ते चार. मी लहान असताना त्यांच्यासोबत जायचे आणि देवळाच्या खांबाला टेकून झोपायचे. झोपेत ऐकू यायची ती वीणा. छेडल्यावर तिचा सूर संपत नसे. खांबात शिरे, खांबातून पाठीत येई. अण्णा जाऊन नऊ वर्षं झाली. तो सूर मला अजून पाठीत ऐकू येतो.

बीजेच्या कीर्तनात वीणेकऱ्याने वीणा छेडली आणि मी कान टवकारले. डब्. पुन्हा छेडली. डब्. ओल्या पिठावर थाप मारावी तसा आवाज. टाळ-पखवाज सुरू झाले आणि तोही बुडाला. शेजारच्या कोणाला काही वावगं वाटलं नाही. मलाही गेली कित्येक वर्षं वाटलं नव्हतं. दरवर्षी येत होते, पाया पडत होते, वीणा डोळ्यांना दिसत होती आणि दिसते म्हणून वाजते असंच धरून चालले होते. लेकीच्या गिटारीत नको तो आवाज आला तो एका रात्रीत ध्यानात आला. गावच्या वीणेतला हवा तो आवाज गेला, आणि आमच्यातल्या एकालाही कळलं नाही.

कीर्तन संपल्यावर वीणा हातात मागून घेतली. घोडीवर तारांनी चर पाडले होते, चांगले नख अडकेल एवढे. तार त्या चरात गच्च बसली होती. तिला टेकायला-सुटायला उतारच राहिला नव्हता. तारांखालचे दोरे कधीच गळून गेले होते, आणि कोणीतरी एका तारेच्या जागी गाठ मारून दुसरीच जाड तार ओढली होती. वीणा काकांकडे नेली. त्यांनी पाहिली, कपाळाला लावली आणि परत दिली. "बाई, टेकणारी तार सोडवणं मला येतं. सुटलेली तार नेमकी टेकवणं, ते मिरजेचं काम."

भाऊ आणि मी पुण्याहून रेल्वेने मिरजेला गेलो. वीणा मांडीवर, धोतराच्या पानात गुंडाळलेली. अण्णांच्याच. मिरजेतले सतारमेकर मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. राजांची शस्त्रं गेली, धारेचं काम कमी झालं, आणि १९ व्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेबांपासून या घराण्यांत तंतुवाद्यांची परंपरा सुरू झाली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पातं पाहून किती घासायचं ते ओळखणारे हात घोडीवर आले यात मला नवल वाटत नाही. दोन्हीकडे प्रश्न केसभराचाच. दुकानात वर आढ्याला वाळलेले भोपळे टांगले होते. हे भोपळे पंढरपूरच्या बाजूला, भीमेच्या काठाने पिकतात. भीमा उगम पावते ती भीमाशंकरला, आमच्याच बाजूला. कुकडी घोडला मिळते, घोड भीमेला. आमच्या धरणांतून सुटलेलं पाणी ज्या भोपळ्याला मिळालं असेल, तोच पुढे वीणा होऊन आमच्याच देवळात आला, असं मी मनाशी जोडून घेतलं आणि मला फार बरं वाटलं.

कारागिरांनी पहिल्यांदा एवढंच विचारलं, "जवारी खुली की बंद?" मला उत्तर देता आलं नाही. भाऊ म्हणाला, "टाळ-पखवाजातून ऐकू आली पाहिजे." म्हणजे खुली.

मग दोन तास जे चाललं होतं, त्यात बघण्यासारखं जवळजवळ काही नव्हतं. हाडाची घोडी, एक बारीक कानस, पॉलिश पेपरचा तुकडा. आधी चर जाईपर्यंत सगळा पृष्ठभाग सपाट केला. नंतर कानस एकदाच, श्वास सोडावा इतक्या हलक्या हाताने पुढे न्यायची, तार पुन्हा घोडीवर चढवायची, छेडायची, मान कलती करून ऐकायचं, तार उतरवायची, पुन्हा एकदा कानस. चार तारा, प्रत्येकीची वेगळी समजूत. आवाज डब् होता, तो हळूहळू पातळ झाला, मग एकदम कर्कश झाला. नेमकी ती लेकीच्या गिटारीतली झर्र! मी दचकले. कारागीर मात्र खूश दिसले. त्यांनी सुती दोऱ्याचा तुकडा तारेखाली घातला आणि नखाने तसू तसू पुढे सरकवला. झर्र मऊ झाली, गोल झाली, लांबली, आणि एका जागी दोरा आला तेव्हा तीच झर्र सूर झाली. हात थांबला. माझ्या पाठीला दुकानाची भिंत होती. भिंतीतून सूर आला.

हनुमान जयंतीच्या सप्ताहात पहाटे दोनचा पहारा भावाने घेतला. लेक माझ्याबरोबर आली होती. खांबाला टेकून बसली, आणि थोड्या वेळाने तिने पाठ खांबापासून काढून पुन्हा टेकवली. काय झालं म्हणून मी विचारलं नाही.

आपल्याकडे एवढ्या वाड्या-वस्त्यांवर वीणा आहेत. त्यांना हार घातला जातो, बुक्का लावला जातो, सप्ताहात पायघड्या घातल्या जातात. मंडप, माइक, पंगत यांचा हिशोब होतो. वीणेच्या घोडीचा कुठल्या वहीत नसतो. तुमच्या गावचा सप्ताह जवळ आला असेल, तर त्याआधी एकदा देवळात जा. आजूबाजूला गोंगाट नसेल अशी वेळ निवडा. वीणेची एक तार छेडा आणि आवाज संपेपर्यंत ऐका. डब् करून थांबला तर घोडीवर नख फिरवा. चर लागला तर तार बदलून भागणार नाही, दुसरी जाड तार तर मुळीच ओढू नका. जवारी काढता येणाऱ्या माणसाकडे वीणा न्या. मिरजेला तो आहे. आमचं काम दोन तासांचं झालं.